जुन्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे रिव्ह्यू : तेच ते प्रश्न, एकदाची उत्तरं

मी जुन्या रोलप्लेइंग गेमचे रिव्ह्यू लिहितो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र, कॅरेक्टर, घ्यायचं, एकानं गोष्ट चालवायची आणि काय होते ते डाइस म्हणजे फासे टाकून ठरवायचं, असे गेम. आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात, काही प्रेमानं विचारलेले, काही सरळ भांडायला आलेले. म्हणून एका जागी लिहून ठेवतोय, दरवेळी मोबाइलवर टाइप करून अंगठा दुखतो. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूला, धानाचा पट्टा, तर रोवणी आणि कापणीच्या दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून रुसू नका.

जुना गेम म्हणजे किती जुना धरता?

माझी रेघ २००० ला आहे. त्या साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली आणि बरंच उलटं गणित सुलटं झालं, त्याच्या आधीचं सगळं जुन्यात. सुरुवात १९७४ ची, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा तीन छोट्या पुस्तिकांचा डब्बा, किंमत दहा डॉलर, पहिल्या खेपेला हजारच छापले. त्याच्या कव्हरवर रोलप्लेइंग हा शब्दच नाही, वॉरगेम लिहिलंय. म्हणजे घेणाऱ्याला लढाईचे खेळ आधीच येतात असं धरूनच ते लिहिलं होतं, १९७१ चं चेनमेल नावाचं लढाईचं पुस्तक जवळ असेल हेही धरलं होतं. तुम्ही ते आज पहिल्यांदा उघडाल आणि म्हणाल यात काहीच नीट सांगितलं नाही, तर खरंच सांगितलं नाही, पण ते तुमच्यासाठी लिहिलंच नव्हतं.

इतक्या जुन्या गेमचा रिव्ह्यू आता कायले?

कारण ते अजून विकत मिळतात. पीडीएफ मिळते, ऑर्डर दिली की छापून पण येते, आणि पोट्टे खिशातले पैसे घालून घेतात. कोणी म्हणतो जुनं ते सोनं, कोणी म्हणतो जुना कचरा, आणि दोघांनी पण खेळून पाहिलेलं नसते. पैसे जाण्याच्या आधी कोणीतरी खेळून सांगावं एवढाच माझा धंदा.

आजच्या नजरेनं बघता की त्या काळच्या?

दोन्ही, पण एका वाक्यात दोन्ही नाही, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पहिले विचारायचं हा गेम कोणासाठी, कशासाठी बनवला आणि ते काम त्यानं केलं का. मग दुसरा परिच्छेद सुरू करायचा आणि विचारायचं आज आमच्या ओसरीवर पाच जण बसले तर यातून काय मिळते. गडबड कुठं होते, तर लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देतात.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक असते. एकदा पुण्याचा एक दोस्त आला होता, बारा वाजताच कंटाळला, म्हणे किती लांबवतात राव, दर दहा मिनिटाला गाणं, हे दोन तासात बसवता आलं असतं. आता त्याला कसं सांगू की इथं माणूस शालपांघरूण घेऊन रात्र काढायलाच येते, मधात चहा पिते, पाहुण्याशी बोलते, झोपते पण, उठल्यावर नाटक सुरूच पाहिजे. दोन तासात संपलं असतं तर तंबू उपटला असता लोकांनी. पण त्याच नाटकात एक नट पाठांतर न करता आला होता आणि मागून सांगणाऱ्याचा आवाज पार शेवटल्या रांगेपर्यंत येत होता, त्याबद्दल दोस्तानं शिव्या घातल्या त्या एकदम बरोबर होत्या, आमचे म्हातारे पण त्याच शिव्या घालत होते. लांबीची तक्रार आणि पाठांतराची तक्रार यात फरक आहे, रिव्ह्यू लिहिताना मी तो फरक शोधत असतो.

म्हणजे "त्या काळी तसंच होतं" म्हणून सगळं माफ?

नाही जी. काही गोष्टी त्या काळी पण चुकाच होत्या.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा १९७७ चा बेसिक सेट घ्या, नवशिक्यांसाठीचा डब्बा, एरिक होम्सनं संपादन केलेला, वाचायला फार गोड. पण त्यात सगळ्या हत्यारांचा मार एकच, सहा बाजूंच्या डाइसएवढा, आणि खंजीर एका राउंडमध्ये, म्हणजे लढाईच्या एका फेरीत, दोनदा चालतो तर दोन हातांची मोठी तलवार एक राउंड सोडून एकदा. म्हणजे खंजीरवाला चार वार करेल तेव्हा तलवारवाल्याचा एक, आणि मार तेवढाच! आमच्या टेबलवर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात खंजीर. याला जुनी पद्धत, वेगळा दृष्टिकोन असलं काही नाव देऊ नका, ही हिशोबाची चूक आहे.

दुसरं उदाहरण त्याच गेमचं १९७८ चं प्लेयर्स हँडबुक. त्यात माणूस जातीच्या बाईला ताकदीची वरची मर्यादा आहे, अठराच्या पुढची ताकद शंभरापैकी मोजतात, तर तिला १८/५० च्या वर जाता येत नाही, पुरुषाला १८/१०० पर्यंत. ज्या गेममध्ये माणूस बोटातून आगीचा गोळा फेकतो तिथं हे एक वास्तव कायले पाहिजे होतं? वहिनीनं हे वाचलं आणि म्हणाली, "धानाचे भारे डोक्यावर कोण वाहते ते दाखवा याले." १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम काढला आणि कोणाचा गेम बिघडला नाही. रिव्ह्यूमध्ये मी हे दोन ओळीत लिहितो, नियम काय, काढला तर काय होते, आणि पुढं जातो. त्याच्यावर पूर्ण पान लिहून बाकीचं पुस्तक न वाचणं पण मला पटत नाही.

नियम येडपट वाटला तर पहिले काय करता?

त्याच्या शेजारचे नियम शोधतो. जुन्या घराचा एक वासा काढला की कवेलू खाली येतात, तसंच यांचं पण असते.

सगळ्यात चांगलं उदाहरण डंजन्स अँड ड्रॅगन्सचाच १९८१ चा बेसिक सेट, टॉम मोल्डव्हेचा, चौसष्टच पानं. नवीन माणूस बघतो की जादूगाराला चार बाजूंच्या डाइसएवढा जीव आणि दिवसाला एकच मंत्र, एक गोब्लिन, म्हणजे छोटा दैत्य, भेटला की खेळ खलास, आणि लिहितो की लढाई एकदम बेकार आहे, बॅलन्सच नाही. मी पण पहिल्या वेळी हेच म्हटलं होतं. मग हिशोब केला. एक गोब्लिन मारला तर अनुभवाचे पाच पॉइंट. फायटरला, म्हणजे लढवय्याला, दुसऱ्या लेव्हलला, वरच्या पायरीला, जायला असे दोन हजार लागतात. म्हणजे एकट्यानं चारशे गोब्लिन मारायचे! पण सोनं उचलून बाहेर आणलं तर एका नाण्याला एक पॉइंट. गेम तर ओरडून सांगतोय की बाबा लढू नको, माल उचल आणि पळ.

त्याच्यापुढं बघा. समोर कोणी आलं की सहा बाजूंचे दोन डाइस टाकायचे, तो काय मूडमध्ये आहे ते ठरवायला, आणि सरळ अंगावर येणं फक्त दोघांची बेरीज दोन आल्यावर, म्हणजे छत्तीसात एक वेळा. बाकी वेळी घासाघीस, धमकी, लाच, खोटं बोलणं, सगळं चालते. शत्रूच्या हिमतीचा वेगळा आकडा आहे, दोघं तिघं पडले की बाकीचे पळून जाऊ शकतात. मशाल एक तास जळते, आणि त्या एका तासात तीन वेळा डाइस टाकून बघायचं कोणी फिरता प्राणी येतो का. आता यातला मूडचा डाइस कोणी काढून टाकला, सोन्याचे पॉइंट काढले, मशाल मोजायचा कंटाळा केला, तर उरते काय, चार जीवाचा जादूगार आणि मारामारी. आणि मग म्हणायचं गेम खराब.

हे फिरत्या प्राण्याचं आमच्या टेबलवर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. अंधार पडल्यावर जंगलाच्या सडकेनं एकटं जायचं नाही हे आमच्या भागात लेकराला पण माहीत असते, वाघ काही कल्पनेतली गोष्ट नाही इथं, आमचा गेम पण त्याच कारणानं एकतर साडेपाचला संपते नाहीतर सगळे रात्री इथंच झोपतात. मशाल संपत आली की पोट्टे आपोआप हळू आवाजात बोलायला लागले होते.

ट्रॅव्हलरमध्ये कॅरेक्टर बनवता बनवताच मरते, याचं काय समर्थन?

१९७७ चा मार्क मिलरचा अंतराळातला गेम, आणि हो, खेळ सुरू व्हायच्या आधी तुमचा माणूस मरू शकतो. पण तो जुगार आहे हे लोक सांगत नाहीत. दर चार वर्षांच्या नोकरीला एक डाव, जितकी जास्त नोकरी तितकी कौशल्यं जास्त, पण दरवेळी जगण्याचा डाइस टाकावा लागते आणि चौतीसनंतर म्हातारपण लागते. आणि गेममध्ये गेल्यावर लेव्हल बिव्हल काही वाढत नाही, जे घेऊन आलात तेच. मृत्यूची भीती नसती तर प्रत्येकानं सात वेळा नोकरी केली असती. चुलतभावाचे तीन माणसं असेच गेले आणि चौथा चाळिशीतला पेन्शनर घेऊन तो बसला तर त्याच्यावर असा जीव लावला की विचारू नका. आजच्या टेबलसाठी मात्र माझा सल्ला वेगळा आहे, मेला ऐवजी जखमी होऊन नोकरी सुटली असं धरा, १९८१ च्या छपाईत तो पर्याय त्यांनी स्वतःच दिला होता.

टॅको खरंच इतकं कठीण आहे का?

नाही. टॅको म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये समोरच्याचं चिलखत शून्य असेल तर वार लागायला वीस बाजूंच्या डाइसवर पाहिजे तो आकडा. तुमचा आकडा १८, समोरच्याचं चिलखत ४, वजा करा, १४ पाहिजे. धानाच्या काट्यावर बसणारा पोरगा याच्यापेक्षा अवघड वजाबाकी तोंडी करते. पण चिलखत जितकं चांगलं तितका आकडा लहान, मग शून्याच्या पण खाली, उणे दोन वगैरे, याचा फायदा काय तर काहीच नाही. कठीण नाही, विनाकारण आहे. गुण कापायचे तर या कारणासाठी कापा.

टूम्ब ऑफ हॉरर्सला तुम्ही आधी शिव्या दिल्या, मग रिव्ह्यू कायले बदलला? पैसे खाल्ले का?

पैसे कोण देते बाप्पा. चूक माझी होती.

टूम्ब ऑफ हॉरर्स म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी तयार लिहिलेलं साहस, सापळ्यांनी भरलेलं थडगं. मी ते चालू कॅम्पेनमध्ये, म्हणजे महिनोंमहिने चालणाऱ्या गोष्टीत, टाकलं. आठ महिने जपलेली कॅरेक्टरं, भाचीनं तर आपल्या चोराचं चित्र काढून भिंतीवर लावलं होतं, आणि ती गेली सरळ त्या हिरव्या सैतानाच्या तोंडात. तिथं डाइस नाही, वाचायचा चान्स नाही, जो आत गेला तो पुसला गेला. भाची दोन आठवडे आली नाही. मी रागारागात लिहिलं की हा क्रूर आणि आळशी गेम आहे.

नंतर समजलं की ते १९७५ मध्ये ओरिजिन्स नावाच्या संमेलनात स्पर्धेसाठी चालवलेलं, छापलं १९७८ ला. स्पर्धेत तयार कॅरेक्टर हातात देतात, वेळ ठरलेला, कोण किती आत गेलं ते बघायचं. तिथं मेलात तर काय, चहा प्या आणि दुसऱ्याची मजा बघा. मी म्हणजे रेंगीत, बैलांच्या हलक्या गाडीत, धानाची पोती भरली आणि मग म्हटलं रेंगी बेकार, चाक मोडलं. रेंगी शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, जायला असते, पोत्याला बंडी आहे ना.

मग आम्ही ते परत खेळलो, तयार कॅरेक्टर, चार तास, ओसरीवर घड्याळ टांगून. काय मजा आली! तरी माझा एक आक्षेप अजून उभाच आहे, की पुस्तक घेणाऱ्याला हे पुरेसं ठळक सांगितलेलं नाही, आणि माझ्यासारखे किती जणांनी आपले लाडके कॅरेक्टर त्यात घातले असतील. जुना रिव्ह्यू मी काढला नाही, खाली नवीन जोडला, लोकांना दिसू दे चूक कशी होते ते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी आपल्या देवांचे आणि राक्षसांचे आकडे छापलेत, त्याचा राग येत नाही का?

१९८० च्या डेइटीज अँड डेमिगॉड्स या त्यांच्या देवांच्या पुस्तकात भारतीय प्रकरण आहे, इंद्र, अग्नी, विष्णू, यम, सगळ्यांना जीव किती आणि चिलखत किती ते दिलंय. ग्रीक आणि नॉर्स देवांना पण तसंच दिलंय म्हणून मला एकट्या आपल्यावर अन्याय वाटत नाही, पण ग्रीक देवाला आज रोज सकाळी फूल वाहणारे घरोघरी सापडत नाहीत आणि आपल्या देवाला वाहणारी माझी आई स्वयंपाकघरात बसली आहे, हा फरक लिहिणाऱ्यांच्या ध्यानातच आला नाही. ते पुस्तक आम्ही टेबलवर आणलं नाही, तेवढंच.

राक्षसाची गोष्ट जास्त मजेदार आहे. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या त्यांच्या प्राण्यांच्या पुस्तकातला राक्षस म्हणजे वाघाचं डोकं, अंगात झगा, तोंडात पाइप. आणि तो कशानं मरतो तर क्रॉसबोच्या, म्हणजे चापाच्या धनुष्याच्या, मंतरलेल्या बाणानं. भाचीनं चित्र बघून विचारलं, "मामा, हा आपल्या दंडारीतला राक्षस आहे का कोणी वाघाचा सरपंच?" आम्ही अर्धा तास हसलो. क्रॉसबो कुठल्या पुराणात आहे म्हणून शोधलं तर १९७४ च्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेत राक्षस असाच मरतो, तो बाण तिथला आहे.

म्हणजे सगळंच चूक? तर नाही. त्याच वर्णनात आहे की राक्षस तुमच्या मनातलं ओळखून तुम्हाला ओळखीच्या, भरवशाच्या माणसाच्या रूपात दिसतो. साधू होऊन भिक्षा मागायला आलेला रावण, सोन्याचं हरीण झालेला मारीच, दुसरं काय आहे ते? वाघाचं तोंड चुकलं पण मुद्द्याची गोष्ट हातात लागली होती. मी तो राक्षस वापरला, फक्त तोंड बदललं, गावच्या ओळखीच्या सावकाराचं दिलं, आणि पाइपच्या जागी पानाचा डब्बा.

२०२० पासून विझार्ड्स ऑफ द कोस्ट या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आजच्या कंपनीनं जुन्या पीडीएफच्या विक्रीच्या पानावर सूचना टाकली आहे की यात त्या काळचे पूर्वग्रह असू शकतात. ठीक आहे, पण सगळ्यांवर एकच चिठ्ठी चिकटवली की कशात किती आहे ते कळत नाही. ते सांगणं रिव्ह्यूवाल्याचं काम.

लेखकच वाईट माणूस निघाला तर?

हा प्रश्न मला फार जड गेला, कारण बार्करचा गेम मला आवडायचा. एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात प्रोफेसर, उर्दू शिकवायचा, आणि १९७५ मध्ये त्याचा एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन आला. त्या वेळी सगळे युरोपचे किल्ले आणि सरदार करत होते आणि यानं भारत, मेक्सिको, इजिप्त अशा भागांचा वास असलेली दुनिया उभी केली, स्वतःच्या भाषा बनवल्या. आपल्या माणसाला वाचताना घरी आल्यासारखं वाटते. आणि २०२२ मध्ये त्याच दुनियेचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननं जाहीर सांगितलं की १९९१ ला टोपणनावानं निघालेली एक नाझी विचारांची कादंबरी बार्करचीच आहे. माणूस २०१२ लाच गेला होता, विचारायचं कोणाला.

मी काय करतो, तर हे रिव्ह्यूच्या पहिल्याच परिच्छेदात लिहितो, शेवटी बारीक अक्षरात नाही. मग गेम जसा आहे तसा सांगतो, वीस बाजूंच्या डाइसवर वीस पडला की दुप्पट मार त्यात १९७५ लाच होता हे पण सांगतो. खेळायचं का ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या टेबलवर मत घेतलं, तीन विरुद्ध दोन, नाही खेळायचं ठरलं. मी दोनमध्ये होतो.

कॉल ऑफ कथुलूचं, १९८१, सँडी पीटरसन, तिथं वेगळं आहे. ज्या लव्हक्राफ्टच्या भयकथांवर तो उभा आहे तो वंशद्वेषी होता हे त्याच्या लिखाणातच दिसते, पण गेम लिहिणारा दुसरा माणूस आहे आणि गेमचा जीव वाचनालयात बसून जुने कागद शोधण्यात आणि हळूहळू डोकं फिरण्यात आहे. आम्ही तो मजेत खेळतो.

न खेळता, नुसतं वाचून रिव्ह्यू लिहिला तर चालते का?

चालते, पण वर तसं लिहा. मी स्वतः कमीत कमी तीन वेळा खेळतो, पहिल्या दोन वेळा पुस्तकात आहे तस्संच, एक पण घरचा नियम न लावता, जीव किती पण वळवळला तरी. तिसऱ्या वेळी आपल्या मनाचे बदल.

नवीन छापलेल्या जुन्या गेमचं काय?

२०१९ चं ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स म्हणजे १९८१ चेच नियम, फक्त मांडणी अशी की पाहिजे ते दहा सेकंदात सापडते. खेळायला तेच घ्या. पण त्याच्या मांडणीचे मार्क १९८१ च्या पुस्तकाला देऊ नका, आणि मूळ पुस्तकात शिकवायची जी हातोटी आहे, उदाहरण देऊन हात धरून नेणं, ती यात शोधू नका.

इंग्रजी कमजोर आहे, कोणता जुना गेम वाचता येईल?

माझी ही वेगळी परीक्षाच आहे, की पान वाचून मला ते आमच्या बोलीत टेबलवर सांगता येते का. १९७९ चं डंजन मास्टर्स गाइड, गोष्ट चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक, यात नापास, गायगॅक्सचे शब्द शोधता शोधता डिक्शनरी फाटली, अर्थात वाचायला मजा पण तितकीच. मोल्डव्हे पहिल्या नंबरात पास.

स्टार कायले देत नाही?

खंजीर, बाईची ताकद आणि चौसष्ट पानांची कमाल यांची बेरीज करून साडेतीन कसे काढायचे ते मला जमत नाही.

वीस बाजूंचे डाइस गावात मिळत नाहीत, काय करू?

चिंचोके धुऊन वाळवा, त्यावर पेननं एक ते वीस लिहा, गंजात, म्हणजे पातेल्यात, टाका, न बघता काढा, परत टाका. आम्ही दीड वर्ष असंच खेळलो. आणि लाजू नका, १९७९ मध्ये अमेरिकेत डाइसचा तुटवडा पडला तेव्हा तेव्हाच्या टीएसआर कंपनीनं स्वतःच होम्सच्या डब्ब्यात डाइसऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून विकल्या होत्या.

तुमच्याकडे येऊन खेळता येईल का?

या की. कापणी झाल्यावर, डिसेंबरात, पांघरूण आपलं आणा. मंडईची रात्र सोडून कधी पण, त्या दिवशी सगळे नाटकाला असतात.